कंपनीकडून मिळणारे दंतखर्च खाते नेमके कसे चालते?

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार. मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. कारखाना इथला असला तरी मूळ कंपनी अमेरिकन आहे आणि तिथल्या धर्तीवर यंदाच्या एप्रिलपासून आम्हा कायम कर्मचाऱ्यांसाठी 'डेंटल स्पेंडिंग अकाउंट' सुरू झाले आहे. प्रत्येकाच्या नावे वर्षाला २५,००० रुपये ठेवले आहेत, पगारातून त्यासाठी काहीही कापले जात नाही आणि दातांच्या उपचाराचे बिल कंपनीच्या ॲपवर चढवले की पैसे पगाराच्या खात्यात येतात, एवढे आम्हाला बैठकीत सांगण्यात आले. त्यापुढचे मात्र जो तो आपल्या समजुतीप्रमाणे सांगतो. एक सहकारी म्हणतात की न वापरलेली रक्कम दिवाळीला बोनससोबत मिळेल. दुसऱ्यांच्या मते ती नोकरी सोडताना हिशेबात धरली जाईल. तिसऱ्यांना ही मेडिक्लेमचीच वाढीव सोय वाटते.

माझ्या घरी तीन जणांच्या दातांचा प्रश्न आहे. पत्नीची खालची दाढ काढलेली असून तिथे इम्प्लांट, म्हणजे हाडात पक्का केलेला कृत्रिम दात, बसवण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला आहे आणि त्याचा एकूण खर्च वर्षाच्या मर्यादेहून जास्त आहे. पैठण तालुक्यात राहणाऱ्या वडिलांना कवळी करायची आहे. मुलीचे लहानपण आजोळी, किनवट तालुक्यात, बोअरच्या पाण्यावर गेले. तिच्या पुढच्या दातांवर तपकिरी डाग आहेत आणि एका दाताचा पृष्ठभाग खडबडीत होऊन झिजला आहे. यांपैकी कोणाचा खर्च यातून होऊ शकतो, मर्यादेपेक्षा मोठा उपचार दोन वर्षांत विभागता येतो का आणि माहितीपत्रकात लिहिल्याप्रमाणे ही रक्कम खरोखर करमुक्त आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. उपचार एकदा सुरू झाला की तो मध्येच थांबवता येत नाही, म्हणून आधीच समजून घ्यावे असे वाटते.

शेंद्रा एमआयडीसी, मनुष्यबळ विभाग

मी शेंद्र्यातील एका कंपनीत अशाच योजनेचे काम पाहते. पहिली गोष्ट अशी की आपल्या नावे २५,००० रुपये कोणत्याही बँकेत जमा झालेले नाहीत. योजनेत बसणारा दंतोपचार आपण करून घेतला, त्याचे पैसे भरले आणि त्याचा पुरावा दिला, तर त्या मर्यादेपर्यंत कंपनी भरपाई करील, एवढाच शब्द कंपनीने दिलेला आहे. उपचार झाला नाही तर कंपनीचे काही देणे लागत नाही. त्यामुळे न वापरलेली रक्कम सहसा बोनसमध्येही येत नाही आणि राजीनाम्यानंतरच्या अंतिम हिशेबातही येत नाही. काही कंपन्या उरलेल्या रकमेचा थोडा भाग पुढील वर्षात नेऊ देतात. पण तो त्या त्या कंपनीचा निर्णय असतो. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी यांच्यामागे कायदा उभा आहे, तर या सुविधेमागे केवळ कंपनीचे योजनापत्रक आहे. पुढच्या वर्षी मर्यादा कमी करायची की योजनाच बंद करायची, हेही कंपनीच ठरवते. म्हणून ॲपवरील चार ओळींवर न थांबता संपूर्ण योजनापत्रक लेखी मागून घ्या. असे पत्रक मागणाऱ्या कर्मचाऱ्याविषयी आमच्या विभागात कोणी वाईट मत करून घेत नाही, उलट पुढचे वाद टळतात.

हा विमाही नव्हे. विम्यात हप्ता भरला की ठरलेल्या अटींवर मोठ्या खर्चाची जोखीम विमा कंपनी उचलते. येथे मर्यादेपलीकडचा प्रत्येक रुपया आपल्याच खिशातून जातो. मात्र आपल्या गट मेडिक्लेमची कागदपत्रे पाहिलीत तर या खात्याची गरज का पडली हे लगेच ध्यानात येईल. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींमध्ये दंतोपचार वगळलेला असतो. अपघातात जबड्याला किंवा दातांना इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले तरच त्याचा खर्च मिळतो. रूट कॅनॉल, कॅप, दातांची सफाई किंवा किडलेला दात भरणे ही कामे दवाखान्यात खुर्चीवर बसून होतात, दाखल व्हावे लागत नाही, आणि म्हणून ती मेडिक्लेमच्या बाहेर राहतात. अपघाताच्या प्रसंगी आधी मेडिक्लेमचा दावा करावा आणि तिथे नामंजूर झालेल्या भागासाठी हे खाते वापरावे. तेच बिल दोन्हीकडे पूर्ण रकमेसाठी लावणे ही फसवणूक ठरते आणि त्यावरून शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

आता तारखांविषयी, कारण नामंजूर होणारे दावे बहुतांशी तारखांवरच अडकतात. आपल्या योजनेत कोणती तारीख ग्राह्य धरली आहे, उपचार झाल्याची की पैसे भरल्याची, हे पहिल्यांदा पाहा. बहुतेक योजनांमध्ये उपचाराची तारीख धरतात. तसे असेल तर मार्चमध्ये सगळे पैसे आगाऊ भरून जूनमध्ये केलेला उपचार मागील वर्षाच्या मर्यादेत बसणार नाही. वर्ष संपल्यानंतर त्या वर्षातील बिले सादर करण्यासाठी काही दिवसांची मुदत दिलेली असते. ती केवळ कागद देण्यासाठी असते, नव्या उपचारासाठी नव्हे. वर्षाच्या मध्ये रुजू झालेल्यांना मर्यादा त्या प्रमाणात कमी मिळते. नोकरी सोडणाऱ्यांना शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत झालेल्या उपचाराचे बिल मुदतीत देता येते. त्या दिवसानंतर केलेल्या उपचाराचे पैसे मिळत नाहीत, मग खात्यात कितीही रक्कम शिल्लक दिसत असो.

कुटुंबाची व्याख्या योजनागणिक बदलते. पती किंवा पत्नी आणि मुले बहुतेक ठिकाणी असतात. आई-वडील काही ठिकाणी असतात, काही ठिकाणी फक्त आपल्यावर अवलंबून असतील तरच असतात. वडील वेगळ्या गावी राहतात एवढ्यावरून ते अवलंबून नाहीत असे ठरत नाही, पण त्यांना स्वतःचे निवृत्तिवेतन असेल तर प्रश्न विचारला जाऊ शकतो. त्यांचे नाव योजनेत आधी नोंदवून घ्या आणि मगच कवळीचे माप द्यायला जा. मर्यादा माणशी आहे की सगळ्या कुटुंबाला मिळून एकच, हेही त्याच वेळी विचारून घ्या. आपल्या वर्णनावरून ती सगळ्यांना मिळून असावी असे दिसते आणि तसे असल्यास तिघांपैकी कोणाचा उपचार आधी करायचा हे घरी ठरवावे लागेल.

दंतवैद्य, नांदेड

वरील उत्तरात तारखांबद्दल जे लिहिले आहे त्याला वैद्यकीय बाजूने जोड देतो. इम्प्लांट हा मुळातच टप्प्याटप्प्याने होणारा उपचार आहे. आधी तपासणी, एक्स-रे किंवा स्कॅन. मग हाडात स्क्रू बसवण्याची शस्त्रक्रिया. त्यानंतर हाड त्या स्क्रूला घट्ट धरेपर्यंत खालच्या जबड्यात साधारण तीन महिने आणि वरच्या जबड्यात अनेकदा सहा महिन्यांपर्यंत थांबावे लागते. आणि शेवटी त्यावर कॅप बसते. आपल्या पत्नीची शस्त्रक्रिया जानेवारीत झाली तर कॅप आपोआपच एप्रिलनंतर बसेल, म्हणजे दोन टप्पे दोन आर्थिक वर्षांत पडतील आणि दोन्ही वर्षांच्या मर्यादा प्रामाणिकपणे वापरता येतील. यात काहीही वावगे नाही. मात्र दात काढून फार काळ लोटला असेल तर तिथले हाड झिजत जाते आणि शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलतात, म्हणून केवळ मर्यादेच्या हिशेबासाठी उपचार लांबवावा की नाही हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा. प्रत्येक टप्प्याचे बिल ज्या त्या दिवशी घ्या. सगळे काम झाल्यावर एकच बिल घेतले तर पूर्ण रक्कम शेवटच्या तारखेवर येते आणि पहिल्या वर्षाची मर्यादा वाया जाते.

बिलावर रुग्णाचे नाव, उपचाराची तारीख, दाताचा क्रमांक, निदान, केलेला उपचार, घेतलेली रक्कम आणि दंतवैद्याचा नोंदणी क्रमांक असावा. दाताचा क्रमांक दोन अंकी पद्धतीने लिहितात. उदाहरणार्थ खालची डावीकडील पहिली मोठी दाढ म्हणजे ३६. 'दातांचा उपचार, रुपये अमुक' असे लिहिलेली पावती कोणत्याही कंपनीने परत पाठवली तर ते योग्यच आहे. आमच्याकडे काही जण पुढची किंवा मागची तारीख घालून बिल मागतात. ते कोणत्याही डॉक्टरने देऊ नये आणि कोणत्याही रुग्णाने मागू नये, कारण त्याच दाताला पुढे काही झाले तर ती खोटी नोंद उपचाराच्याही आड येते. उपचारापोटी घेतलेल्या शुल्कावर जीएसटी लागत नाही. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या कामांचा प्रश्न वेगळा आहे. उपचाराच्या बिलात जीएसटी लावलेला दिसला तर त्याचे कारण विचारा.

मुलीच्या दातांविषयी अधिक सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात हा प्रश्न फार मोठा आहे आणि त्यावरचे दावे हमखास अडतात. किनवट परिसरातील आणि मराठवाड्यातील इतरही काही भागांतील भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे एक मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड भारतीय मानकात स्वीकारार्ह आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते. दात हिरडीखाली तयार होत असताना त्याहून जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, नीट घडत नाही. सौम्य प्रकारात पांढरट ठिपके दिसतात. तीव्र प्रकारात तपकिरी डाग, खड्डे आणि झीज होते. योजनांमध्ये 'सौंदर्यासाठी केलेले उपचार वगळले आहेत' असे वाक्य असते आणि डागांचे नाव वाचताच दावा तपासणारा माणूस फाईल नामंजूर करतो. केवळ दात पांढरे करून घेणे हे सौंदर्याचेच काम आहे, ते वगळले तर मला आक्षेप नाही. पण खड्डे पडून झिजलेला दात भरून किंवा त्यावर आवरण बसवून त्याचा आकार परत आणणे हा आजारावरचा उपचार आहे. डॉक्टरांकडून निदान 'डेंटल फ्लोरोसिस, एनॅमलची झीज' असे स्पष्ट लिहून घ्या, उपचारापूर्वीची छायाचित्रे जोडा आणि शक्य असेल तर कंपनीकडून पूर्वमंजुरी घ्या. माणसाने न मागता पाण्यातून आलेल्या आजाराला हौसेचा खर्च म्हणणे अन्यायकारक आहे, आणि त्याविरुद्ध योजनेच्या फेरविचाराच्या तरतुदीनुसार लेखी अपील करण्यात संकोच करू नये.

आणखी एक सांगतो. मार्च आला की मर्यादा संपवण्यासाठी लोक येतात आणि 'काहीतरी करून टाका' म्हणतात. चांगला दात खराब होऊ नये म्हणून तपासणी करणे आणि दातांवर साचलेला थर काढून घेणे एवढेच त्या पैशांत करा. धडधाकट दातावर कॅप बसवून घेऊ नका. ज्यांना गुटखा, तंबाखू किंवा सुपारीची सवय आहे आणि ज्यांचे तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडते आहे, अशांनी तर हे खाते सर्वांत आधी तोंडाच्या पूर्ण तपासणीसाठी वापरावे.

वाळूजकर, छत्रपती संभाजीनगर

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. योजनापत्रक मागवले असून त्यात उपचाराची तारीख ग्राह्य धरली आहे, मर्यादा कुटुंबाला मिळून आहे आणि अवलंबून असलेले आई-वडील समाविष्ट आहेत. आता करमुक्तीचा प्रश्न उरतो. माहितीपत्रकात 'करमुक्त लाभ' असे ठळक छापले आहे, पण आमच्या लेखा विभागातील एक जण रक्कम पगारात धरली जाईल असे म्हणतात.

करसल्लागार, लातूर

आपल्या लेखा विभागातील गृहस्थांचे म्हणणे बरोबर आहे. २०१७-१८ या आर्थिक वर्षापर्यंत नोकरदाराला वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतची वैद्यकीय प्रतिपूर्ती करमुक्त मिळत असे. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ती सवलत आणि प्रवासभत्त्याची सवलत काढून त्याऐवजी ४०,००० रुपयांची सरसकट वजावट दिली. ती पुढे ५०,००० झाली आणि नव्या करप्रणालीत २०२४-२५ पासून ७५,००० आहे. तेव्हापासून खासगी दवाखान्यातील उपचाराची कंपनीने केलेली भरपाई परक्विझिट, म्हणजे पगाराव्यतिरिक्तचा करपात्र लाभ, म्हणून पगारात मिळवली जाते आणि फॉर्म १६ सोबतच्या तपशिलात दिसते. मर्यादा २५,००० असली तरी करासाठी प्रत्यक्ष मिळालेली रक्कमच धरतात. दावा केलाच नाही तर करही नाही.

याचे तीन महत्त्वाचे अपवाद आहेत. कंपनीच्या स्वतःच्या रुग्णालयातील उपचार, शासनाच्या किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या रुग्णालयातील उपचाराची भरपाई, आणि शासनाने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी मान्यता दिलेल्या रुग्णालयातील उपचाराची भरपाई करमुक्त राहते; त्यात पती-पत्नी, मुले व अवलंबून असलेले आई-वडील येतात. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. वडिलांची कवळी तिथे केली तर खर्चही कमी येईल आणि मिळणारी भरपाईही करपात्र ठरणार नाही. याखेरीज कंपनीने भरलेला गट आरोग्यविम्याचा हप्ता कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरला जात नाही. म्हणून हाच पैसा गटविम्यातून बाह्यरुग्ण दंतोपचाराचे संरक्षण घेण्यासाठी वापरता येईल का, हे आपल्या कर्मचारी प्रतिनिधींनी व्यवस्थापनाला जरूर विचारावे.

कर किती लागेल हे आपल्या उत्पन्नावर अवलंबून आहे. २०२५-२६ साठी नव्या प्रणालीत वजावटीनंतरचे उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर रिबेटमुळे, म्हणजे करात मिळणाऱ्या सवलतीमुळे, कर शून्य होतो, म्हणजे पगारदाराला १२,७५,००० पर्यंत काही भरावे लागत नाही. कारखान्यातील बहुसंख्य कामगार या रेषेच्या बरेच खाली असल्याने त्यांच्यासाठी ही भरपाई व्यवहारात करमुक्तच ठरते. ज्यांचे उत्पन्न २० टक्क्यांच्या टप्प्यात आहे त्यांना १८,००० रुपयांच्या भरपाईवर उपकरासह ३,७४४ रुपये कर पडेल. तरीही १४,२५६ रुपये त्यांच्या हाती राहतील.

खरी काळजी रेषेला टेकलेल्यांनी घ्यावी. समजा एखाद्याचा वार्षिक पगार १२,७०,००० आहे. दुसरे उत्पन्न नाही. त्याला कर नाही. त्याने १८,००० रुपयांची भरपाई घेतली तर पगार १२,८८,००० होतो, ७५,००० वजा जाता करपात्र उत्पन्न १२,१३,००० उरते आणि रिबेट जाते. सीमांत सवलतीमुळे कर १२ लाखांवरच्या रकमेइतका, म्हणजे १३,००० रुपयांपुरता मर्यादित राहतो आणि त्यावर ४ टक्के उपकर धरून १३,५२० रुपये होतात. १८,००० पैकी हातात उरतात ४,४८०. अशा कर्मचाऱ्याने दावा करण्यापूर्वी वर्षाचा अंदाज काढावा. उपचार लांबवता येण्याजोगा असेल आणि पुढील वर्षी पगारवाढीने तो रेषेच्या पुष्कळ वर जाणार असेल, तर पुढच्या वर्षीचा दावा त्याला अधिक फायद्याचा पडेल.

अंबाजोगाईकर, सध्या ओहायो

माहितीपत्रकातील 'करमुक्त' कुठून आले असावे ते सांगतो. अमेरिकेत केवळ कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या अशा व्यवस्थेला हेल्थ रिइम्बर्समेंट अरेंजमेंट, म्हणजे एचआरए, म्हणतात आणि ती फक्त दंतोपचारापुरतीही ठेवता येते. तिथल्या संघीय कायद्यानुसार नियमांत बसणाऱ्या खर्चाची भरपाई कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात धरली जात नाही. उरलेली रक्कम पुढे न्यायची की नाही हे तिथेही कंपनीच ठरवते, आणि दात पांढरे करण्याचा खर्च तिथेही चालत नाही. याहून वेगळे एफएसए, म्हणजे फ्लेक्सिबल स्पेंडिंग अकाउंट, असते. त्यात कर्मचारी स्वतःच्या पगारातून करपूर्व रक्कम वळवतो, २०२५ साठी जास्तीत जास्त ३,३०० डॉलर, आणि मुदतीत न वापरलेली बरीचशी रक्कम गमावतो. आपल्या पगारातून काही कापले जात नाही, त्यामुळे आपली योजना पहिल्या प्रकारची आहे. तिकडे दातांच्या विम्यालाही वर्षाला साधारण एक ते दोन हजार डॉलरची कमाल मर्यादा असते, आणि म्हणून विम्याचा हप्ता भरण्यापेक्षा थेट भरपाई देणे अनेक लहान कंपन्यांना सोयीचे वाटते. योजना उचलून भारतात आणताना कराचे वाक्यही तसेच आले असावे; ते दुरुस्त करून घेण्यासाठी आपण लेखी कळवावे.

जालना, कामगार प्रतिनिधी

ही चर्चा कायम कर्मचाऱ्यांची आहे, पण त्याच कारखान्यातील कंत्राटी कामगारांना हे खाते मिळत नाही आणि त्यांना कोणी काही सांगतही नाही, म्हणून लिहितो. ज्यांचे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के रक्कम ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, जाते, आणि त्यावर कामगाराला व त्याच्या कुटुंबाला वैद्यकीय सेवा मिळते. छत्रपती संभाजीनगरात चिकलठाण्याला ईएसआयचे रुग्णालय आहे. दात दुखत असेल तर तिथल्या किंवा आपल्या नेमून दिलेल्या दवाखान्यात कार्ड घेऊन जावे आणि तिथे सोय नसल्यास पुढे पाठवण्याची चिठ्ठी मागावी. वेतन वाढून २१,००० च्या वर गेले तरी चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरअखेर किंवा मार्चअखेरपर्यंत, वर्गणी चालू राहते आणि संरक्षणही लगेच तुटत नाही. जे कामगार कंत्राटीतून कायम होणार आहेत त्यांनी ईएसआय कधी संपते आणि कंपनीचे दंतखर्च खाते कोणत्या तारखेपासून लागू होते, हे दोन्ही दिवस नेमणूकपत्र घेतानाच लिहून घ्यावेत. काही योजनांमध्ये परिविक्षा (प्रोबेशन) काळ संपेपर्यंत खाते उघडत नाही, आणि मधल्या महिन्यांत केलेल्या उपचाराचा खर्च नंतर कोणीही देत नाही.